बोगद्यांनंतर जुना घाटरस्ता सायकल-मोटारसायकलींसाठी राखावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात एका ज्येष्ठ वाचकांनी रविवारी सकाळी इंदूरहून सिमरोल-चोरलच्या घाटाकडे निघणाऱ्या मोटारसायकलींबद्दल तीव्र नाराजी व्यक्त केली होती. पालकांनी मुलांच्या हाती गाड्या देऊ नयेत आणि सुट्टीच्या दिवशी घाटात दुचाकींना सरसकट बंदी घालावी, अशी त्यांची मागणी होती. त्यांची नाराजी अगदी रास्त आहे. सायलेन्सर बदललेल्या गाड्या गावातून गर्जत नेणे, वळणावर पुढच्या वाहनाला डावीकडून गाठणे, मोबाइलवर चित्रीकरण करण्यासाठी घाटाच्या मधोमध थांबणे, हे सारे मीही त्याच रस्त्यावर पाहत असते, कारण रविवारी बहुधा मी तिथेच असते. पूर्वी यजमानांच्या मोटारसायकलवर मागे बसून जात असे, आता बहुतेक वेळा सायकलवर जाते. मात्र बंदीची मागणी मला मान्य नाही, आणि ती का मान्य नाही हे सांगत असताना त्याच रस्त्याबद्दल एक निश्चित सूचना प्रशासनापुढे आणि आपल्या वाचकांपुढे ठेवावी, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

इंदूर-खंडवा मार्गाच्या चौपदरीकरणात भेरूघाट, बाईग्राम आणि चोरल या तीन ठिकाणी बोगदे खोदले गेले आहेत. ट्रक, टँकर आणि बस बोगद्यांतून जाऊ लागल्यावर घाटातली जुनी वळणे जड वाहतुकीतून मोकळी होतील. या मोकळ्या होणाऱ्या रस्त्याचे पुढे काय करायचे याची चर्चा आपल्याकडे कुठेच ऐकू येत नाही. माझी सूचना अशी की, हा जुना घाटरस्ता टाकून न देता सायकली, मोटारसायकली, पायी जाणारे यात्रेकरू आणि त्या भागातले गावकरी यांच्यासाठी हळू वाहतुकीचा मार्ग म्हणून राखावा, त्याची डागडुजी नियमित व्हावी आणि रविवारी सकाळचे काही तास तरी तो जड वाहनांना पूर्णपणे बंद असावा. उज्जैनचा सिंहस्थ २०२८ मध्ये आहे आणि तोवर ओंकारेश्वरकडची वर्दळ वाढतच जाणार आहे. तेव्हा हा निर्णय आताच व्हायला हवा. रस्ता एकदा झुडपांनी आणि टपऱ्यांनी गिळला की तो परत मिळवणे फार कठीण जाते.

हा घाट इतका मोलाचा का, हे कळण्यासाठी आपल्या भूभागाची ठेवण पाहावी लागते. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. माळव्याचे पठार उत्तरेकडे हळूहळू उतरते, म्हणून क्षिप्रा आणि जानापावला उगम पावणारी चंबळ या दोन्ही नद्या उत्तरेला वाहत जातात. दक्षिणेला मात्र विंध्याची कड एकदम तुटते आणि चोरलसारख्या नद्या खाली निमाडात, नर्मदेकडे धावतात. शहरापासून तीसेक किलोमीटरच्या आत पठार, घाट, सागाचे जंगल आणि नदीचे खोरे असे सगळे मिळणारी शहरे थोडीच असतील. या ठेवणीमुळे एक अडचणही उभी राहते आणि ती नवख्यांच्या सहसा लक्षात येत नाही. पुण्याकडचे आमचे नातलग सिंहगडावर सायकलने जातात तेव्हा ताज्या दमाने आधी चढतात आणि थकल्यावर उतरत घरी येतात. आपल्याकडे हे सारे उलटे आहे. सकाळच्या गारव्यात चोरलपर्यंत उतरताना पायडल मारावे लागत नाही, सगळे खूष असतात आणि कोणीतरी हमखास म्हणते, "अजून थोडं पुढे जाऊ या." परतताना ऊन डोक्यावर आलेले असते, बाटलीतले पाणी संपत आलेले असते आणि तोच घाट आता चढायचा असतो. सायकल हातात धरून चालणारी, तोंडे लाल झालेली शाळकरी मुले त्या वळणांवर दर उन्हाळ्यात दिसतात. आणि त्यांच्या कोपरापासून हातभर अंतरावरून भरलेला ट्रक जातो, तेव्हा पाहणाऱ्याचाही श्वास अडकतो.

आमच्या घरी व मित्रमंडळींत जी पद्धत हळूहळू बसली आहे ती थोडी विस्ताराने सांगते, कारण बंदीला पर्याय काय असू शकतो हे तिच्यावरून कळेल. सायकली पुढे असतात आणि मोटारसायकली मागे. माझे दीर मोटारसायकलवर सगळ्यांच्या शेवटी असतात आणि त्यांच्या मागे कोणीही राहायचे नाही, असा नियम आहे. याचा अर्थ असा की, सर्वांत सावकाश जाणाऱ्या मुलाच्या वेगाने अख्खी मंडळी जाते. दिरांच्या पाठपिशवीत पंक्चरचे सामान, हवेचा पंप, दोन मापांच्या ट्यूब, चेन जोडण्याचे हत्यार, पट्ट्या आणि मीठ-साखरेचे पाणी असते. दुसरी मोटारसायकल पुढे जाऊन अवघड वळणाच्या आधी उभी राहते व मागून येणाऱ्यांना हाताने खूण करते. जाऊबाई सायकल चालवत नाहीत, त्या मोटारसायकलवर मागे बसतात. आणि कोणाचा चेहरा उतरला आहे, कोण उगीच गप्प झाले आहे हे सर्वांआधी त्यांनाच दिसते, त्यामुळे कुठे थांबायचे ते त्या ठरवतात. मुलांनी आजवर त्यांचा शब्द मोडलेला नाही. घरातली मोठी माणसे सोबत असली की वेग आपोआप आवरतो आणि त्यासाठी पोलिसाची गरज पडत नाही. मुलांना जाऊ नका म्हणून सांगणाऱ्या घरांतली मुलेही जातात, एवढेच की ती न सांगता जातात आणि काही बिघडले तर घरी फोन करायला घाबरतात.

वयाचा प्रश्न ज्येष्ठ वाचकांनी योग्यच काढला आहे. गियरच्या मोटारसायकलचा परवाना अठरा वर्षे पूर्ण झाल्याशिवाय मिळत नाही, आणि मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. हे ठाऊक असूनही दहावी-अकरावीतल्या मुलाला किल्ली देणारे पालक आपल्या ओळखीत आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण चौदा ते सतरा या वयात अंगात जी रग असते ती बंदीने जिरत नाही. या वयासाठी सायकल हीच खरी गाडी आहे. तिला परवाना लागत नाही आणि घाट कसा वाचायचा हे ती जितके शिकवते तितके मोटारसायकल कधीच शिकवत नाही. चढ सुरू होण्याआधी, पायावर जोर येण्यापूर्वीच हलका गियर टाकायचा, नाही तर ऐन चढात ताण आलेली चेन उतरते. उतारावर पुढचा ब्रेक एकदम आवळायचा नाही, दोन्ही ब्रेक थोडे दाबून सोडत राहायचे आणि अंगाचा भार मागे न्यायचा. नजर चाकापुढे न ठेवता वळण जिथे संपते तिथे ठेवायची. हे दोन हंगाम सायकलवर गिरवलेला मुलगा अठराव्या वर्षी मोटारसायकलवर बसतो तेव्हा तो घाटात अनोळखी नसतो. माझा भाचा असाच तयार झाला आणि आज त्याच्या मागे बसताना मला कधी धाकधूक वाटत नाही.

मागे बसणाऱ्यांविषयी येथे लिहिणे भाग आहे, कारण मोटारसायकलींच्या चर्चेत चालवणाऱ्याचीच बाजू येते आणि मागे बसणाऱ्या बायका-मुलांना कोणी विचारत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२३ व्या नियमानुसार मोटारसायकलला मागे बसणाऱ्यासाठी धरायची दांडी, पाय ठेवायची जागा आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारे आवरण असणे बंधनकारक आहे. आपण ज्याला साडीगार्ड म्हणतो तेच हे आवरण. नवी गाडी घरी आली की ती 'दिसायला बरी वाटावी' म्हणून पहिल्याच आठवड्यात हे काढून टाकणारे तरुण मी पाहिले आहेत. मग त्याच गाडीवर आईला किंवा बहिणीला बसवून मांडूला नेले जाते आणि साडीचा पदर वा ओढणी फिरत्या चाकापासून वीतभर अंतरावर फडफडत असते. चार वर्षांवरील प्रत्येकाला हेल्मेट सक्तीचे आहे. त्याहून लहान मुलासाठी १५ फेब्रुवारी २०२३ पासून अंगाला बांधायचा पट्टा आणि त्याच्या डोक्याला बसेल असे हेल्मेट आवश्यक आहे, आणि असे मूल बरोबर असताना ताशी चाळीस किलोमीटरपेक्षा अधिक वेगाने जाता येत नाही. शहरातल्या चौकात हेल्मेट तपासले जाते. कुटुंबे सहलीला निघतात त्या सिमरोलच्या रस्त्यावर या नियमांची कोणी आठवणही करून देत नाही. माझ्या मते रविवारी सकाळी तेजाजी नगरच्या चौकात नुसती विचारपूस करणारे दोन पोलीस उभे राहिले, तर बंदीच्या कोणत्याही आदेशापेक्षा अधिक जीव वाचतील.

आता रस्त्याविषयी. घाटात दुचाकी घसरण्याचे जे कारण मी वारंवार पाहते ते म्हणजे वळणावर सांडलेली गिट्टी आणि मुरूम. डंपर वळताना थोडी गिट्टी बाहेर पडते, चाके तिला कडेला ढकलतात आणि वळणाच्या आतल्या बाजूला, नेमकी जिथे दुचाकी झुकते तिथे, तिची पातळ चादर साचते. १२५ सीसीहून मोठ्या मोटारसायकलींना २०१९ पासून एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचे आहे आणि त्याचा उपयोग मोठा आहे, परंतु सुट्या खड्यांवर टायरलाच पकड नसते तिथे एबीएस काय करणार? दुसरे कारण सवयीचे आहे. पेट्रोल वाचावे म्हणून घाट उतरताना गाडी न्यूट्रलमध्ये सोडून देणारे लोक अजून आहेत. ज्या गियरमध्ये घाट चढता येतो त्याच गियरमध्ये तो उतरावा, म्हणजे इंजिनच गाडीला आवरते आणि ब्रेक तापत नाहीत. जुन्या ट्रकचालकांचा हा नियम दुचाकीलाही तितकाच लागू आहे. ब्रेक तापले की काय होते, हे आग्रा-मुंबई मार्गावरच्या मानपूरपुढील गणपती घाटाने आपल्याला वर्षानुवर्षे दाखवले आहे. तिथे उतरणाऱ्या वाहनांसाठी अखेर वेगळा रस्ता काढावा लागला. खंडवा मार्गावर बोगद्यांमुळे अशी विभागणी आपोआप होणार आहे आणि तिचा लाभ हलक्या वाहनांनाही मिळावा, एवढेच मागणे आहे.

जुनी वाट तिच्या संथपणासाठी जपता येते, याचे उदाहरण आपल्याच परिसरात आहे. तुकोजीराव होळकर दुसरे यांनी १८७० मध्ये ब्रिटिश सरकारला साडेचार टक्के व्याजाने आणि १०१ वर्षांच्या मुदतीने एक कोटी रुपये कर्जाऊ दिले, त्यातून खंडव्याहून इंदूरकडे येणारा लोहमार्ग उभा राहिला. त्यातला पाताळपाणी ते कालाकुंड हा घाटाचा टप्पा चाळीस फुटांना एक फूट इतक्या चढाचा आहे. रुंद मार्गाच्या (ब्रॉडगेजच्या) काळात हा मीटरगेजचा टप्पा निरुपयोगी म्हणून उखडला जाऊ शकला असता. तसे न होता २५ डिसेंबर २०१८ पासून त्यावर वारसा रेल्वे धावू लागली आणि पावसाळ्यात तिची तिकिटे मिळवायला धडपड करावी लागते. कालाकुंडच्या फलाटावर पळसाच्या पानांत कलाकंद विकणाऱ्या कुटुंबांचा व्यवसायही त्यामुळे टिकला. घाटरस्त्याचेही असेच होऊ शकते. सध्या पावसाळ्यात भाजलेली कणसे विकणाऱ्या बाया रस्त्याच्या अगदी कडेला शेगड्या मांडून बसतात, त्यांच्यासमोर दुचाकी एकदम थांबतात आणि मागून ट्रक येत असतो. ट्रक गेले आणि ठरावीक दोन-तीन जागी थांबण्यासाठी मोकळी पट्टी केली, तर त्यांची विक्री वाढेल आणि त्यांच्या जिवाचा धोकाही टळेल. बाहेरच्या मोठ्या हॉटेलांना व रिसॉर्टना मात्र या पट्ट्यात जागा देऊ नये, असे मला आग्रहाने म्हणावेसे वाटते. तिथे पहिला हक्क चोरल खोऱ्यातल्या गावांचा आहे.

पावसाळ्यात धबधब्यांवर जाण्यास मनाई करणारे आदेश निघतात, त्यांना माझा विरोध नाही. जुलै २०११ मध्ये पाताळपाणीला एकाच कुटुंबातली माणसे अचानक वाढलेल्या पाण्यात वाहून गेली, ते दृश्य ज्यांनी दूरचित्रवाणीवर पाहिले ते विसरू शकणार नाहीत. आपल्या माथ्यावर पाऊस नसला तरी वरच्या अंगाला पडलेल्या पावसाने काही मिनिटांत पाणी चढते, कारण काळ्या कातळावरून ते मुरत नाही, सरळ वाहत येते. पण लोक धबधब्यावरच का गर्दी करतात? सुट्टीच्या दिवशी मुलाबाळांना घेऊन जावे अशी दुसरी जागा त्यांना कोणी दाखवलेलीच नाही. निर्धास्तपणे फिरता येईल असा वीसेक किलोमीटरचा घाटरस्ता मिळाला, तर कितीतरी कुटुंबे पाण्याच्या काठी न जाता त्या रस्त्यावर येतील. डोंगरी सायकल घेऊन रस्ता सोडून जंगलातल्या पायवाटांनी जाणाऱ्यांनाही एक विनंती आहे. पावसाळ्यात त्या वाटांवर जाऊ नये. आपली काळी माती ओली झाली की चाक आणि चिमटा यांच्यामध्ये अशी गच्च बसते की सायकल खांद्यावरून आणावी लागते, आणि टायरने पडलेली चर पुढे पाण्याचा ओहोळ होऊन वाट कायमची बिघडवते. दिवाळीनंतर, माती घट्ट झाल्यावर, वनखात्याची परवानगी घेऊन खुशाल जावे. फाल्गुनात पळस फुललेला असतो तेव्हा त्या वाटांना तोड नाही.

रस्ता राखायचा म्हणजे काय करायचे, हे थोडक्यात सांगते. वळणांवरचे ढासळलेले कठडे बांधून काढावेत आणि पांढरा रंग द्यावा. गिट्टी आठवड्यातून एकदा, शक्यतो शनिवारी संध्याकाळी, झाडून घ्यावी. किलोमीटरच्या दगडांवरचे आकडे ठळक असावेत, म्हणजे रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन करणाऱ्याला आपण कुठे आहोत हे सांगता येईल. अपघातात मदत करणाऱ्यावर कारवाई होत नाही आणि त्याला नाव सांगण्याचीही सक्ती नाही, अशी तरतूद मोटार वाहन कायद्याच्या १३४-अ कलमात आहे. ती मराठी-हिंदीत लिहिलेला एक फलक घाटाच्या दोन्ही टोकांना लावावा, कारण आजही पडलेल्या माणसाभोवती लोक जमतात आणि पोलिसांच्या भीतीने हात लावत नाहीत. श्रावणात ओंकारेश्वरहून नर्मदेचे जल घेऊन उज्जैनला पायी निघणारे कावडयात्री याच मार्गाने येतात, त्यांनाही ट्रकच्या धुरातून व धक्क्यातून सुटका मिळेल. रविवारी सकाळी रस्ता वाहनांना बंद ठेवण्याची कल्पना इंदूरला नवी नाही. राहगिरीच्या निमित्ताने शहराने ती अनुभवली आहे आणि तिच्यात आजोबांपासून नातवांपर्यंत सगळे उतरले होते.

ज्येष्ठ वाचकांना माझे नम्र सांगणे असे आहे की, कर्णकर्कश सायलेन्सरविरुद्धच्या त्यांच्या मागणीवर आम्ही सर्व जण सही करायला तयार आहोत. त्यांनी आमच्या सूचनेवर सही करावी, ही विनंती. लोकमान्यनगर, सुदामानगर आणि रामबाग भागातल्या आमच्या परिचयाच्या कुटुंबांनी अर्जाचा मसुदा केला असून तो जिल्हाधिकारी कार्यालयाला, महामार्ग प्राधिकरणाला आणि वनखात्याला देणार आहोत. कठड्यांचे आणि रस्त्याचे काम शासनाचे आहे, पण गिट्टी झाडण्यासाठी खराटे-फावडी घेऊन शनिवारी संध्याकाळी यायला आमच्यातली पुष्कळ मंडळी तयार आहेत. त्यासाठी वाहतूक पोलिसांनी तेवढा वेळ दोन्ही बाजूंना एकेक माणूस उभा करावा. संबंधित अधिकाऱ्यांचे उत्तर आल्यास आपण ते याच सदरात छापावे, अशी विनंती आहे.

आपली नम्र,
एक नियमित वाचक,
लोकमान्यनगर, इंदूर